इंटरनेटचा भूगोल कोण शिकवणार?

ट्यूब्ज : अ जर्नी टू द सेंटर ऑफ द इंटरनेट
लेखक : अँड्र्यू ब्लम. प्रथम प्रकाशन : २०१२

इंटरनेट कोठून येते, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहावा. उपग्रहावरून, क्लाउडमधून, टॉवरमधून अशी उत्तरे येतात आणि उत्तर देणाऱ्याचे बोट बहुधा वर आकाशाकडे जाते. यांतले टॉवरचे उत्तर थोडेफार बरोबर आहे. हातातील मोबाइलपासून जवळच्या टॉवरपर्यंतचा टप्पा बिनतारी असतो. त्यापुढचा जवळजवळ सगळा प्रवास मात्र जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून होतो. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या माहितीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्री केबलींमधून जाते. देशाबाहेर जाणाऱ्या अशा अनेक केबली जेथे पाण्यात शिरतात ती जागा आपल्या उपनगरातच आहे. ती म्हणजे अंधेरीच्या पश्चिमेचा वर्सोव्याचा किनारा, कोळ्यांचे वेसावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात काही केबली तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले. तुटलेल्या केबलींपैकी सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी या दोन्ही मुंबईला येतात. जेद्दाजवळ तार तुटली तर बोरिवलीत चित्रफीत का अडखळावी, याचे उत्तर संगणकाच्या पुस्तकापेक्षा भूगोलाच्या नकाशात लवकर सापडते. अँड्र्यू ब्लम या अमेरिकी पत्रकाराचे 'ट्यूब्ज' हे पुस्तक असा नकाशा हाती देण्याचा प्रयत्न करते. प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे झाली तरी शिक्षकांनी ते वाचण्याजोगे आहे. मात्र आपल्या किनाऱ्यावर उभे राहून वाचले की त्यातील काही उणिवाही ठळक दिसतात. या लेखात दोन्ही बाजू पाहू.

पुस्तक काय सांगते?

पुस्तकाची सुरुवात एका खारीपासून होते. ब्रुकलीनमधील लेखकाच्या घरामागची तार खार कुरतडते आणि इंटरनेट बंद पडते. ती तार पुढे कोठे जाते, या कुतूहलातून लेखक प्रवासाला निघतो. इंटरनेटचा नकाशा छापला जात असताना पाहण्यासाठी तो मिलवॉकीला जातो. १९६९ मध्ये अर्पानेटचे पहिले यंत्र जेथे बसले त्या लॉस एंजलिसच्या विद्यापीठाला तो भेट देतो. फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील माहितीची आदानप्रदान केंद्रे तो पाहतो. कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो या तारायंत्राच्या जुन्या ठाण्यावर तो जातो, पोर्तुगालच्या किनाऱ्यावर नवी केबल वाळूवर ओढून आणली जाताना पाहतो आणि शेवटी ऑरेगॉन राज्यातील डेटा सेंटरपर्यंत पोहोचतो. पुस्तकाच्या नावालाही एक संदर्भ आहे. अमेरिकेच्या एका सिनेटरांनी २००६ मध्ये इंटरनेटला नळ्यांची मालिका म्हटले, तेव्हा त्यांची मोठी थट्टा झाली होती. ब्लम दाखवतो की ती उपमा वाटते तितकी हास्यास्पद नाही.

पुस्तकाचे मोठे यश म्हणजे इंटरनेट ही 'जागा' आहे हे ते वाचकाच्या मनावर ठसवते. त्या जागेला पत्ता असतो, कुलूप असते, मालक असतो आणि विजेचे बिल येते. पिवळ्या आवरणाच्या तारा, पंख्यांचा आवाज, थंड केलेल्या खोल्या यांची वर्णने नेमकी आहेत. तांत्रिक शब्दांची गर्दी नाही. अकरावीचा इंग्रजी बऱ्यापैकी येणारा विद्यार्थी हे पुस्तक सहज वाचू शकेल.

आदानप्रदान केंद्रांचे प्रकरण तर वर्गात सांगण्यासारखेच आहे. इंटरनेट हे एकच जाळे नसून हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते बनले आहे. ही जाळी कोठेतरी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रातून निघालेली तार दुसरीच्या यंत्रात खोचावी लागते. ती तशी न खोचल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २००३ मध्ये भारतात 'निक्सी' ही आदानप्रदान संस्था स्थापन झाली. त्यापूर्वी दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला संदेश पुष्कळदा अमेरिकेला जाऊन परत येत असे. अंधेरी आणि घाटकोपर यांच्यामध्ये आठ-दहा किलोमीटरचे अंतर आहे, पण संदेश हजारो किलोमीटर फिरून येई आणि त्या वळशाचे भाडे परकीय चलनात द्यावे लागे. ब्लमने फ्रँकफर्टला पाहिलेली डी-सिक्स ही संस्था आज मुंबईतही केंद्र चालवते. मुलांना हा एक दाखला दिला तरी पुष्कळ उलगडा होईल.

'केंद्र' कोणाचे?

आता उणिवांकडे वळू. पुस्तकाचे उपशीर्षक 'इंटरनेटच्या केंद्राकडे प्रवास' असे आहे आणि लेखकाचा प्रवास अमेरिका व पश्चिम युरोप यांच्या पलीकडे जात नाही. पोर्तुगालला उतरणाऱ्या केबलीच्या निमित्ताने टाटा कम्युनिकेशन्स या भारतीय कंपनीशी लेखकाची गाठ पडते, पण तो मुंबईपर्यंत येत नाही. एका पुस्तकात सगळे जग मावत नाही, ही सबब मान्य आहे. परंतु पाहण्याची जागा बदलली की प्रश्नही बदलतात. फ्रँकफर्टमध्ये बसलेल्याला आपल्याकडे किती तारा येतात याचे कौतुक वाटते. वर्सोव्यात बसलेल्याला त्या तारा वाटेत कोठे कोठे अडचणीत सापडतात याची काळजी असते.

त्यासाठी नकाशा उघडावा. मुंबईहून युरोपला जाणारी केबल अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखातात शिरते. तेथून सुमारे ३० किलोमीटर रुंदीच्या बाब-अल-मांदेब या सामुद्रधुनीतून ती तांबड्या समुद्रात जाते, पुढे इजिप्तची भूमी ओलांडते आणि भूमध्य समुद्रात उतरते. ही वाट नवी नाही. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबई-एडन-सुएझ अशी तारायंत्राची केबल टाकली. त्याच वर्षी पोर्थकर्नो ते लिस्बनजवळील कार्काव्हेलोस, जिब्राल्टर व माल्टा हा भाग पूर्ण झाला आणि मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली. त्या केबलीत तांब्याची तार होती व तिच्यावर मलाया भागातील गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण होते. आजच्या केबलीत केसासारखे बारीक काचतंतू असतात. साहित्य पूर्ण बदलले, पण खंडांची मांडणी तीच असल्यामुळे वाट मात्र तीच राहिली. पोर्थकर्नोचे संग्रहालय पाहून ब्लम भारावतो. त्या तारेचे दुसरे टोक आपल्याकडे होते, हे लक्षात घेऊन आपण ते प्रकरण वाचले पाहिजे.

वाट एकच असण्याचे परिणाम आपण वारंवार भोगले आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली निकामी झाल्या आणि भारताची पश्चिमेकडील क्षमता एकदम घटली. दोनच दिवसांनी दुबईजवळ फाल्कन ही केबल तुटली. तेथे पाच-सहा टन वजनाचा सोडून दिलेला जहाजाचा नांगर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तीन केबली तुटल्या. क्षेपणास्त्राने निकामी झालेले एक जहाज नांगर फरपटत वाहत गेल्याने हे घडले असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यानंतर सप्टेंबर २०२५ ची घटना घडली. जगभरात दरवर्षी समुद्री केबलींमध्ये १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यांतील बहुतेकांचे कारण मासेमारीची साधने किंवा जहाजांचे नांगर हे असते. चित्रपटांतील शार्क आणि हेर यांचा वाटा अगदी थोडा आहे.

अशा वेळी इंटरनेट पूर्ण बंद का पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. माहिती लहान लहान पुडक्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकातील राउटर त्या पुडक्यांना उपलब्ध वाट दाखवतो. पश्चिमेची वाट अडली की पुडकी चेन्नई-सिंगापूरकडून वळवली जातात. वाट लांबते व गर्दी वाढते, म्हणून वेग कमी होतो. इंटरनेट कधी तुटत नाही अशी जी समजूत आहे, तिच्यातील खरा भाग एवढाच. पर्यायी वाट आधी कोणीतरी खर्च करून टाकून ठेवलेली असेल तरच ती ऐन वेळी मिळते.

जुहू आणि पवईची नोंद

ब्लमच्या इतिहासात कॅलिफोर्नियाची खोली येते, तशी आपल्या विद्यार्थ्यांच्या इतिहासात जुहू आणि पवई ही नावे आली पाहिजेत. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे 'अर्नेट' हे जाळे १९८६-८७ मध्ये सुरू झाले. त्यात जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एन.सी.एस.टी., आणि पवईची आय.आय.टी. यांचा आरंभापासून सहभाग होता. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई यांच्यामध्ये सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी स्वतंत्र तार मिळाली. १९९२ मध्ये जुहूच्या केंद्रातून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ६४ हजार बिटांची जोडणी झाली. देशभरातील संशोधकांचा परदेशी पत्रव्यवहार त्या एका वाटेवर अवलंबून होता. आज मोबाइलवर काढलेले चार मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वाटेने पाठवायचे तर आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता आणि तेवढा वेळ इतरांना थांबावे लागले असते. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केली. फ्लॅग ही केबल मुंबईला आली ती १९९७ मध्ये. एवढा इतिहास आपल्या दारात घडला असताना तो परक्या पुस्तकात शोधावा लागू नये.

समुद्र कोणाचा?

पुस्तकातील समुद्र अभियंत्याच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. केबल कशी टाकतात, ती किनाऱ्यावर कशी आणतात, हे सारे लेखक आस्थेने सांगतो. त्याच समुद्रावर दुसऱ्या कोणाचे पोट अवलंबून असते, हा विचार मात्र तेथे बाजूला राहतो. वर्सोव्याला तो बाजूला ठेवून चालणार नाही. खोल समुद्रातील केबल बागेत पाणी घालण्याच्या नळीएवढी जाड असते व तळावर नुसती ठेवलेली असते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तिला पोलादी तारांचे चिलखत चढवतात आणि शक्य तेथे गाळात पुरतात, कारण नांगर आणि जाळी यांचा धोका तेथेच सर्वांत जास्त असतो. आपल्या कोळ्यांची डोल जाळी समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असते. म्हणजे केबल आणि जाळे या दोघांनाही तोच तळ हवा असतो.

त्यात आपला मोसमी पाऊस भर घालतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे किनाऱ्याजवळ केबल टाकण्याचे काम करता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. परिणामी केबलीचे जहाज आणि मासेमारीच्या होड्या वर्षाच्या त्याच कोरड्या महिन्यांत त्याच पाण्यात येतात. केबलीसाठी होड्यांनी किती दिवस दूर राहायचे, त्या दिवसांचे नुकसान कोणी भरायचे आणि हे कोणी कोणाला विचारून ठरवायचे, हे प्रश्न इंटरनेटच्या भूगोलाचाच भाग आहेत. इंटरनेट आकाशातून येते असे मानणाऱ्या मुलाला हे प्रश्न पडणारच नाहीत. अशा अज्ञानाची किंमत शेवटी किनाऱ्यावरच्या माणसाला द्यावी लागते.

दुसरा मुद्दा सगळे एकाच ठिकाणी येण्याचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ मधील नोंदींनुसार भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ स्थानकांवर उतरत होत्या आणि ही सर्व स्थानके मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व तिरुवनंतपुरम या पाच शहरांत होती. एवढ्या लांब किनाऱ्याच्या देशाला ही संख्या कमीच म्हणायची. केबल दुरुस्त करणारे भारतीय ध्वजाचे जहाजही नसल्याचे तेव्हा नमूद झाले होते. बिघाड झाला की परदेशातून जहाज यायचे, परवानग्या मिळायच्या, मग तुटलेली टोके वर काढून जोडायची. जुन्या वाटेवर नवी केबल टाकणे सोपे व स्वस्त असते, म्हणून प्रत्येक कंपनी तेथेच जाते. प्रत्येकीचा हिशेब बरोबर असतो, पण सर्वांचा मिळून धोका वाढतो. धोरण ठरवणाऱ्यांनी लक्ष घालावे असा हा मुद्दा आहे आणि नागरिकशास्त्राच्या तासाला चर्चा करण्यास तो फार चांगला आहे.

ढगाला लागणारी वीज

डेटा सेंटरवरील शेवटचे प्रकरण पुस्तकातील सर्वांत धीट प्रकरण आहे. गूगलच्या केंद्रात लेखकाला आत प्रवेश मिळत नाही. फेसबुकच्या केंद्रात तो सर्वत्र फिरतो. ज्यांच्याकडे आपली सर्व माहिती आहे त्यांनी आपल्याला एवढेही दाखवू नये, यावरचा त्याचा रोष रास्त आहे. ऑरेगॉनमध्ये ही केंद्रे का गेली, याची कारणेही तो देतो. नदीवरील धरणाची स्वस्त वीज आणि यंत्रे थंड ठेवणारी कोरडी, गार हवा ही ती कारणे होत.

आपल्याकडे ही कारणे लागू पडत नाहीत. मुंबईची हवा उष्ण आणि दमट, तरीही देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई परिसरात आहे. अंधेरी पूर्वेला चांदिवलीत, मुलुंडचा पूल ओलांडला की ऐरोलीत, पुढे महापे व पनवेल येथे ती उभी आहेत. ॲमेझॉनने आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केला. येथे बँका, ग्राहक आणि मुख्य म्हणजे केबलींची टोके आहेत, म्हणून ही केंद्रे येथे आली. प्रतिकूल हवेची भरपाई विजेने करावी लागते, कारण संगणक चालवण्याबरोबर त्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठीही वीज खर्च होते. उपनगरांना वीज देणारे डहाणूचे ५०० मेगावॉटचे केंद्र कोळशावर चालते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातील वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबईची वीज गेली व लोकलगाड्या जागीच थांबल्या. त्या दिवशी 'क्लाउड'सुद्धा तारेवर लोंबकळत असतो हे कळण्यासारखे होते. 'क्लाउड' हा शब्द म्हणूनच फसवा आहे. कोणाच्या तरी इमारतीतील, कोणाच्या तरी मालकीचा आणि सतत वीज खाणारा संगणक असा त्याचा साधा अर्थ मुलांना सांगावा.

वर्गात काय करता येईल?

पुस्तक इंग्रजीत आहे, त्याची उदाहरणे परकी आहेत. म्हणून ते मुलांच्या हाती देण्याआधी शिक्षकांनी आपली उदाहरणे जोडावीत. तीन उपक्रम सुचतात.

पहिला उपक्रम गणिताचा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेशाला वर जाऊन खाली यायला ७२ हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने ०.२४ सेकंद लागतात. प्रश्न आणि उत्तर मिळून ०.४८ सेकंद होतात. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ०.०७२ सेकंद पुरतील. आता संगणकावर 'पिंग' ही आज्ञा देऊन लंडनमधील एखाद्या विद्यापीठाचा प्रतिसाद मोजावा. तो खरोखर लंडनमधील यंत्राकडून येत असेल तर बहुधा ०.१ सेकंदाहून अधिक, पण उपग्रहाच्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी भरेल. संदेश उपग्रहावरून गेला नाही आणि सरळ रेषेतही गेला नाही, या दोन्ही गोष्टी मुले स्वतःच सिद्ध करतील. प्रतिसाद फारच लवकर आला तर आणखी उत्तम. त्या संकेतस्थळाची प्रत मुंबईतच कोठेतरी ठेवलेली आहे, हा शोध लागेल.

दुसरा उपक्रम नकाशाचा. कोऱ्या नकाशावर १८७० ची आणि आजची केबल वेगवेगळ्या रंगांनी काढावी व चिंचोळ्या जागा अधोरेखित कराव्यात.

तिसरा उपक्रम फेरफटक्याचा. शाळेपासून रेल्वे स्थानकापर्यंत चालताना मोबाइलचे टॉवर, रस्त्यावरील केबलींची झाकणे, इमारतींच्या गच्चीवरून गेलेल्या तारा यांची नोंद करावी. रेल्वेमार्गाच्या कडेनेही रेलटेल या सरकारी कंपनीचे काचतंतू गेलेले असतात, हे सांगावे. वर्सोव्याजवळच्या शाळांनी एखाद्या ज्येष्ठ कोळी बांधवांना वर्गात बोलवावे. समुद्राच्या तळाची जी माहिती त्यांच्याकडे आहे ती या पुस्तकात नाही.

कमी उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे दुर्गम भागात चांगली सोय होऊ लागली आहे, हे खरे. परंतु त्यांचे संदेशही भूस्थानकावर उतरून पुन्हा काचतंतूतच शिरतात. त्यामुळे ब्लमचे मुख्य म्हणणे आजही टिकते. इंटरनेट समजण्यासाठी ते कोठे आहे हे पाहावे लागते. त्याने ते आपल्या घरामागच्या तारेपासून पाहिले. आपल्या मुलांना ते वर्सोव्यापासून पाहता येईल. तेवढ्यासाठी संगणकाच्या तासातील एक तास भूगोलाच्या शिक्षकांना द्यावा, अशी सूचना करावीशी वाटते.